खडकातला ठसा

माणसं नदीकाठी यायच्याही आधीची गोष्ट. उन्हाने एक खडक तडकला आणि आत कुणाचा तरी ठसा दिसला. डोह आटत चालला होता, आणि ज्याचा पूर्वज सर्वांत जुना त्याने आधी पाणी प्यावं, अशी तिथली रीत होती.

“हे तर माझंच पान!” नेचा म्हणाला. पण ठशाला तोंड होतं. “पानाला कसलं आलंय तोंड?” म्हणत त्याने ते मुळांनी पोखरून टाकलं. खेकड्याला आपले पाय दिसले, म्हणून त्याने पानासारख्या शिरा नांगीने खरवडल्या. गोगलगायीला शंख दिसला. तिने पाय चाटून चाटून झिजवले. दुसऱ्याचं काही उरलंय तोवर कुणालाच चैन पडेना; पुसणं चालूच राहिलं.

निवाड्याला म्हातारं कासव आलं, तेव्हा खडक गुळगुळीत झाला होता.

“इथे कोण होतं?” कासवाने विचारलं.

खडकच म्हणाला, “होतं कुणीतरी. यांच्यातलं नव्हतं, एवढाच त्याचा गुन्हा.”