नवव्या प्रश्नाचं उत्तर

विदर्भात धानाच्या शेतांमधोमध विमान चालवायला शिकवणारी एक शाळा होती. तिथे धावपट्टी एक, विमानं चार आणि शिक्षक तीन. त्या तिघांत मुलांची लाडकी म्हणजे सुलक्षणा बोरकुटे. गेली नऊ वर्षं ती दोन माणसांच्या इवल्याशा विमानातून मुलांना आकाशात नेऊन सुखरूप खाली आणत होती. तिच्या हाताखालून गेलेली मुलं आता मोठमोठ्या कंपन्यांची विमानं उडवत होती. सणासुदीला त्यांचे फोन यायचे. "मॅडम, आज दिल्लीला होतो." "मॅडम, आज दुबईला." सुलक्षणा कौतुकानं ऐकायची. फोन ठेवला की मात्र विमानं ठेवायच्या हँगरच्या दारात उभी राहायची आणि फार उंचावरून गेलेल्या एखाद्या विमानाची पांढरी रेघ पुसट होईपर्यंत बघत बसायची.

एक दिवस देशातल्या एका मोठ्या विमान कंपनीची जाहिरात आली. वैमानिक हवेत. वयात ती बसत होती, परवाने होते, उड्डाणाचे तास तर हवे त्याच्या दुप्पट होते. अर्जाला पंधरा दिवसांची मुदत होती. तिनं त्याच दुपारी अर्ज भरायला घेतला. समोरचा चहा गार व्हायच्या आत आठ प्रश्न झाले. नवव्यावर हात थांबला.

'उड्डाणाच्या कामात आपल्या हातून झालेली एखादी गंभीर चूक आणि तिच्यातून आपण काय शिकलात, ते लिहा.'

चूक झाली होती. उड्डाणाआधी पंखातल्या टाकीत काठी बुडवून इंधन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, हा तिथला पहिला धडा. तीच तो शिकवायची. पण सात वर्षांपूर्वी एका सकाळी घाई होती. कॉकपिटमधला इंधनाचा काटा अर्धी टाकी दाखवत होता. सुलक्षणानं काट्यावर विश्वास ठेवला आणि एका विद्यार्थिनीला घेऊन उडाली. दीड तासानं दोघी परत आल्या. शाळेचे मेकॅनिक निखाडेकाका यांनी टाकीत काठी घातली, ती कोरडीच वर आली. काटा बिघडलेला होता. आणखी थोडा वेळ हवेत राहिल्या असत्या तर इंजिन बंद पडलं असतं. बरोबरच्या मुलीला यातलं काही कळलंही नाही. काटा बदलल्याची नोंद वहीत झाली. काठी न बुडवल्याची कोणी केली नाही. त्यानंतर सुलक्षणानं काठी बुडवल्याशिवाय एकदाही विमान हलवलं नव्हतं. पण ती गोष्ट तिनं कोणाला सांगितलीही नव्हती.

तिनं शंतनूला फोन केला. तो तिचा जुना विद्यार्थी, त्याच कंपनीत लागलेला.

"मॅडम, त्यात काय अवघड आहे?" तो हसून म्हणाला. "तिथे गोड चूक लिहायची. मी लिहिलं होतं, मी जरा जास्तच काटेकोर आहे."

सुलक्षणालाही हसू आलं. पण लिहायला बसली तेव्हा तिच्या हातून ती गोड चूक काही उतरेना. आणि खरी लिहायची, तर वाचणारा अर्ज बाजूला ठेवणार हे तिला दिसत होतं. तीन दिवस तिनं विचार केला. चौथ्या दिवशी ठरवलं, अर्जच करायचा नाही. म्हणजे खोटंही नको आणि नकारही नको.

शाळेत तिनं सांगितलं, "मी जात नाही. इथल्या मुलांना कोण शिकवील?"

प्राचार्यांना भरून आलं. सकाळच्या हजेरीला त्यांनी सगळ्यांना तिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. टाळ्या ऐकताना सुलक्षणाचे कान गरम झाले.

दुपारी ती हँगरमध्ये आली. निखाडेकाका चाकाचे नट आवळत होते. ती जुनी गोष्ट ठाऊक असलेले तेच एक होते, म्हणून नववा प्रश्नही तिनं त्यांना वाचून दाखवला होता.

"म्याडम, एक विचारू?" ते मान वर न करता म्हणाले. "पोरांसाठी थांबल्या का त्या नवव्या प्रश्नासाठी?"

ती म्हणाली, "काका, खरं लिहिलं तर मला कोण घेईल?"

"नसन घ्यायचं तर ते सांगतीन ना. त्याच्यासाठी पगारी माणसं ठेवली आहेत त्यायनं. तुम्ही कायले त्यांचं काम करून राहिल्या?"

सुलक्षणा तिथल्याच स्टुलावर बसली. खोटं लिहायचं नाही, याचा तिला चार दिवस अभिमान वाटत होता. खरं लिहायचीही आपली तयारी नाही, हे आत्ता दिसलं. तिनं निखाडेकाकांकडून पेन मागून घेतलं आणि ग्रीसचे डाग पडलेल्या कागदावर ती सकाळ जशी घडली तशी लिहून काढली. संध्याकाळी तोच मजकूर अर्जात उतरवला आणि अर्ज पाठवून दिला.

महिन्याभरानं मुलाखतीचं बोलावणं आलं. समोर तिघं बसले होते. त्यांतल्या एकीनं तिचा अर्ज उघडला.

"या प्रसंगाची तुमच्या कुठल्याच कागदात नोंद नाही. मग लिहिलात कशाला?"

"तुम्ही विचारलं होतं म्हणून," सुलक्षणा म्हणाली.

"चूक काट्याची होती ना?"

"काटा बिघडला होता. काठी बुडवायचं काम माझं होतं."

तिघांनी काहीतरी लिहून घेतलं आणि तिला सिम्युलेटरमध्ये पाठवलं. सिम्युलेटर म्हणजे जमिनीवरच उभं असलेलं नकली कॉकपिट, पण आत बसलं की अगदी खऱ्या विमानासारखं. मोठ्या विमानात वैमानिक दोन. एकानं सांगायचं, दुसऱ्यानं करायचं. सुलक्षणाला नऊ वर्षं सगळं एकटीनंच करायची सवय. शेजारचा माणूस तोंड उघडायच्या आत ती त्याच्या बाजूची बटणंही दाबून मोकळी व्हायची. बाहेर आली तेव्हाच तिला कळलं की हे काही जमलेलं नाही.

आठवड्यानं पत्र आलं. नकारच होता. तिनं तो हँगरमध्ये मोठ्यानं वाचला. 'आपलं उड्डाणकौशल्य उत्तम आहे. मात्र दोघांचं काम आपण एकट्याच करता. सहा महिन्यांनी पुन्हा अर्ज करावा.' काठीबद्दल, टाकीबद्दल पत्रात एक अक्षर नव्हतं. सुलक्षणानं पत्र उलटूनही पाहिलं आणि मग तिला इतकं हसू आलं की निखाडेकाका पाना खाली ठेवून जवळ आले. ज्याची सात वर्षं भीती बाळगली, त्याच्यासाठी तिला कोणी नाकारलंच नव्हतं. आणि ज्याच्यासाठी नाकारलं, ते तर शिकण्यासारखं होतं.

दुसऱ्या दिवसापासून हँगरमध्ये दोन प्लास्टिकच्या खुर्च्या शेजारी शेजारी लागल्या. एकीवर सुलक्षणा, दुसरीवर निखाडेकाका. ते चष्मा लावून उड्डाणाआधीच्या तपासणीच्या यादीतली एकेक ओळ वाचायचे, ती उत्तर द्यायची आणि मग थांबायची. सगळ्यात कठीण ते थांबणंच होतं. तिचा हात त्यांच्या बाजूला गेला की काका त्यावर टिचकी मारायचे. महिन्याभरात ते इतके रंगले की जेवणाच्या सुट्टीतही डबा उघडण्याआधी "डबा?" असं विचारून तिच्या "उघडा"ची वाट बघू लागले.

सहा महिन्यांनी तिनं पुन्हा अर्ज केला. नवव्या प्रश्नाला तेच उत्तर, शब्दही न बदलता. या वेळी सिम्युलेटरमध्ये तिचे हात आपल्या बाजूलाच राहिले. पंधरा दिवसांनी निवडीचं पत्र आलं.

शाळेतल्या शेवटच्या दिवशी मुलांनी हार आणला होता. सुलक्षणानं तो टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "आधी एक गोष्ट ऐका." मग काठी न बुडवलेल्या त्या सकाळची हकीकत तिनं पहिल्यांदाच सगळ्यांसमोर सांगितली. मागच्या बाकावरून पल्लवी मेश्रामनं हात वर केला.

"मॅडम, माझीही एक आहे."

तिचं सांगून होतं न होतं तोच आणखी दोघांचे हात वर गेले. प्राचार्य दारातून आत डोकावले, थोडा वेळ ऐकत उभे राहिले आणि मग स्वतःच एक खुर्ची ओढून बसले. त्यांचीही एक होती. जेवणाची घंटा होऊन गेली तरी त्या वर्गातून कोणी उठलं नाही.

या गोष्टीचं तात्पर्य इतकंच: खरं सांगून मागणं आपल्या हातात असतं, हो की नाही म्हणणं समोरच्याच्या. भीतीपोटी त्याचा नकार आपणच आपल्याला देऊ नये.