गौरीसाठी साफसफाई

तेव्हा खुरपी बोलत आणि रानटी रोपं उलट उत्तरं देत. एका साध्या सकाळी कपडे वाळत घालता घालता अनसूयावहिनी म्हणाल्या, "परवा गौर यायची. परसातलं सगळं रान काढायला हवं." सासूबाई गेल्यावर गौर आणायचं काम पहिल्यांदाच त्यांच्याकडे आलं होतं.

वहिनींच्या हातातलं खुरपं आघाडा, टाकळा उपटत विहिरीमागच्या तेरड्यापाशी पोचलं.

"चल रे रानट्या, हो बाजूला! गौर यायची आहे," खुरपं म्हणालं.

तेरडा हसला. "अरे, सासूबाई दरवर्षी मलाच साडी नेसवून, मुखवटा लावून गौर म्हणत. आज उपटलंस तर उकिरड्यावर जाईन, परवा नेलंस तर पाटावर बसेन."

"आणि मघाचा आघाडा?"

"त्याची पानं गौरीला वाहतात."

खुरप्याला घाम फुटला. ते मुद्दाम हातातून निसटलं. ते उचलायला वहिनी वाकल्या, तर तेरड्याची गुलाबी फुलं डोळ्यांसमोर आली आणि गौर आणताना तेरड्या-आघाड्याने भरलेली सासूबाईंची ओंजळ आठवली. त्यांनी उपटलेला आघाडा गोळा करून पाण्यात ठेवला.

तिसऱ्या दिवशी तेरड्याची पाच रोपं गौर होऊन घरात गेली. विहिरीमागची साफसफाई मात्र राहूनच गेली.