कौसल्याबाईंनी मान हलवली

"मग एवढं शिकून उपयोग काय, सर?"

काझी सर म्हणजे जन्म बँकेत काढलेला माणूस. निवृत्तीनंतर आर्वीतल्या घराच्या ओसरीवर ते बँकेच्या परीक्षांना बसणाऱ्या मुलांना शिकवत.

समोर तेजल उमाटे. विद्यापीठात फायनान्सला पहिली आलेली, आणि बँकेच्या मुलाखतीत पुन्हा नापास झालेली.

"विचारणाऱ्यांपेक्षा मला जास्त येत होतं," ती म्हणाली. "तरी म्हणतात, बँकेला लागतं ते तुमच्याकडे नाही. काय लागतं बँकेला?"

सरांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

"सांगा ना, सर."

तेवढ्यात शेजारच्या कौसल्याबाई आल्या. घरामागची जागा विकून त्यांच्याकडे पैसे आले होते. कुणीतरी म्हणालं होतं, म्युच्युअल फंडात टाका, दामदुप्पट होतील. टाकावे का?

सरांनी तेजलकडे बोट दाखवलं.

तेजल खुलली. जोखीम, परतावा, महागाईचा दर, चक्रवाढ… दीर्घ मुदतीत शेअर बाजारच कसा सरस. एकही शब्द चुकीचा नव्हता.

कौसल्याबाईंनी मान हलवली. "बरं बाई. टाकतो मंग."

पदर सावरून त्या निघाल्या.

"समजलं त्यांना?" सरांनी विचारलं.

"हो. मान हलवली की."

"आपल्याकडे नाही समजलं की मान हलवतात, बेटा."

तेजलचा चेहरा उतरला. ती तशीच अनवाणी धावली. फाटकापाशी बाईंना गाठलं.

"काकू, थांबा. हे पैसे तुम्हाला लागणार कधी?"

"थंडीत. आमच्या ह्याइच्या गुडघ्याचं आपरेशन हाय ना."

थंडी तोंडावर आली होती. तेवढ्यात बाजार पडला असता तर…

तिने बाईंचा हात धरला. "मग फंडात नका टाकू. बँकेत थोड्या महिन्यांची ठेव करा. व्याज कमी मिळेल, पण ऑपरेशनच्या दिवशी पैसे हातात असतील."

या वेळी बाईंनी मान हलवली नाही. त्या हसल्या.

"हे समजलं, पाय पोरी. झोप उडाली होती माही."

तेजल ओसरीवर परतली. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास घेता येत होता.

"थोडक्यात वाचल्या, सर."

सरांनी पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला.

काही महिन्यांनी ती पेढे घेऊन आली. बँकेत निवड झाली होती.

"काय विचारलं?"

"मुदत ठेव चांगली की म्युच्युअल फंड? मी म्हटलं, पैसे कुणाचे आहेत, साहेब? त्यांना ते कधी लागणार? साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची पुढे ओढली…" तेजलला हसू आवरेना. "उत्तर तर मी दिलंच नाही, सर!"

काझी सरांनी पेढा तोंडात टाकला.

"पहिल्यांदाच दिलंस, बेटा."