तळाशीलकरांची रिकामी जागा

"आणि लोक उठून गेले तर, माई?"

माई तंबोऱ्याची खर्जाची तार जुळवत होत्या. 

संध्याकाळी मिरजेत अवंतीचा कार्यक्रम होता. सगळी प्रेमगीतं एकाच संगीतकाराची, भार्गव तळाशीलकरांची. त्यांच्या हयातीतही ती फारशी कुणी ऐकली नव्हती. ती पुन्हा लोकांपुढे आणायचं अवंतीने मोठ्या तोऱ्यात जाहीर केलं होतं. आता सकाळपासून ती आपल्या गुरू माईंच्या घरी तालमीला बसली होती.

घोर होता तो शेवटच्या गाण्याचा. त्यात सखी निघून जाते आणि चाल मध्येच थांबते. पेटी गप्प, तबला गप्प. बराच वेळ काहीच नाही. मग एकच ओळ, 'वळून एकदा पाहा तरी...'

त्या थांबण्यातच लोक उठून जायचे आणि तळाशीलकरांच्या बैठका मोडायच्या, हे तरुणपणी त्यांची साथ केलेल्या माईंनीच तिला सांगितलं होतं. म्हणून अवंतीने ती जागा तानेने भरून काढली होती. तान अशी की टाळी पडावीच.

माईंनी तान वगळून गायला सांगितलं.

अवंती गायली. चाल थांबली... तिला धीर धरवेना. ओळ घाईने तोंडातून निसटली.

"पुन्हा."

पुन्हा तेच.

"पुन्हा."

या खेपेला चाल थांबली आणि माई उठल्या. भिंतीचा आधार घेत दाराकडे निघाल्या.  इतक्या वर्षांच्या शिकवणीत माई गाण्यातून कधी उठल्या नव्हत्या.

...

माईंचं पाऊल उंबऱ्यापलीकडे पडलं.

"वळून एकदा पाहा तरी..."

आवाज चिरकला होता. सूर मात्र हलला नाही.

माई वळल्या. तिच्याकडे पाहत तिथेच उभ्या राहिल्या.

अवंतीला रडू आवरेना. आपला आवाज फुटला, तिथेही असाच फुटेल, लोक खरोखरच उठतील, असं ती कसंबसं बोलली. मग डोळे पुसून तिने विचारलं, "जाणारे जातील, माई. निदान बसून राहतील त्यांच्यासाठी तरी तान ठेवू ना?"

माई उंबऱ्याबाहेरच होत्या.

"जे बसलेत, त्यांना कशाला म्हणायचं गं, वळून पाहा म्हणून?"