भिवराबाईचा हिरवा चुडा

ऐका, लहानथोर हो. ही फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा बांगड्यांची दुकानं नव्हती. कासारीण डोक्यावर पेटी घेऊन दारोदार फिरे आणि बायकांचे हात भरे.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथं एक म्हातारी कासारीण राहत असे. तिनं भरताना बांगडी कधी वाढत नसे. बांगडी ‘फुटली’ म्हणायचं नाही, ‘वाढली’ म्हणायचं, ही आपली रीत. पुढं म्हातारीचे डोळे अधू झाले, तशी तिनं पेटी सुनेला दिली. सुनेचं नाव सगुणा.

सगुणा कामाला मोठी चलाख. सासूचा एक हात भरून होईतो हिचे चार व्हायचे. पण हात दुखून बायका डोळ्यांतलं पाणी कसंबसं आवरत आणि जाताना हळूच विचारत, “म्हातारी आता कधीच नाही का गं येणार?” सगुणेला ते फार लागे.

त्या गावात भिवराबाई होती. घरोघरच्या जात्यांना टाकी लावणं हे तिचं काम. दळून दळून दगड गुळगुळीत झाला, की ती छिन्नी-हातोडीनं तो पुन्हा खरखरीत करून देई. तिच्या लेकीचं लग्न ठरलं. हिरवा चुडा भरायला भिवराबाई हौसेनं बायकांच्या घोळक्यात येऊन बसली.

सगुणेनं तिचा हात ओढला, बोटं आवळली, बांगडी रेटली. एक वाढली. दुसरी वाढली. तिसरीची काच रुतली आणि रक्त आलं.

“भिवराबाई, हा हात आहे की वरवंटा?” सगुणा वैतागून म्हणाली.

बायका खो खो हसल्या. भिवराबाईनं हात पदराखाली घेतला आणि ती मुकाट्यानं उठून गेली.

सगुणेनं घरी येऊन सासूला हे हसत हसत सांगितलं. सासू हसली नाही.

“तिची बोटं अशी का झाली, विचारलंस?”

“त्यात काय विचारायचं, आत्याबाई? दगडाचं काम.”

“बाई दुखावली, की मूठ आवळते गं. आवळलेल्या मुठीवरून बांगडी जात नाही. आधी बाईशी बोलावं, मग तिचा हात धरावा.”

सगुणेला वाटलं, अस्सं! म्हणजे ही म्हातारीची युक्ती होती तर.

लग्नघरी हळदीच्या दिवशी सगुणा पेटी घेऊन गेली. मांडवात सुवासिनी हळद लावत होत्या आणि नवरी मान वळवून वळवून आईला शोधत होती. भिवराबाई मागच्या दारी चुलीपाशी बसली होती. सगुणा तिच्यापाशी गेली.

“रिकाम्या हातांनी मांडवात कशी येऊ?” ती म्हणाली. “लेकीला अपशकुन नको.”

सगुणेनं सासूची युक्ती वापरली. “लेक एकुलती का? नाव काय तिचं? सासर लांब आहे का?” असं विचारता विचारता तिनं बांगडी रेटायला घेतली. मूठ दगडासारखी घट्ट.

“पोरी, तू विचारतेस, पण ऐकत नाहीस,” भिवराबाई शांतपणे म्हणाली. “नाव सांगितलं मी आत्ता. काय सांगितलं?”

सगुणेला आठवेना. तिचे कान तापले. तिनं बांगडी खाली ठेवली आणि तो हात पहिल्यांदा नीट पाहिला. एक बोट वाकडं होतं, पेर सुजून घट्ट झालेलं.

“हे दुखतं का?”

भिवराबाईनं दुसऱ्या हातानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. मांडवातून सनईचे सूर येत होते. सगुणेनं घाई केली नाही.

“थंडीत दुखतं. हातोडी बसली होती. कस्तुरा तेव्हा पोटात होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा छिन्नी धरली. जाती अडली तर गावानं खायचं काय?”

तिनंच टाकी लावलेल्या जात्यावरचं पीठ आपणही रोज खातो, हे सगुणेच्या मनात आलं आणि तिची मान खाली गेली.

“चारचौघांत बोलले मी तुम्हाला. खूप रडला असाल ना, मावशी?”

“रडले नाही गं. हात लपवायला शिकले.”

सगुणेच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं. तिनं चुलीवरचं कोमट पाणी घेतलं, त्यात तो हात शेकला, तेल चोळलं. सगळ्यात मोठ्या मापाच्या बांगड्या निवडल्या. वाकड्या बोटापाशी ती दर वेळी थांबे आणि विचारी, “सोसवेल ना?” भिवराबाई कस्तुराच्या लहानपणीच्या खोड्या सांगत राहिली, सगुणा ऐकत राहिली. मूठ कधी सैल झाली, ते दोघींनाही कळलं नाही. एकही बांगडी वाढली नाही.

मग भिवराबाई पदर सावरून मांडवात गेली आणि भरल्या हातांनी तिनं लेकीच्या गालांना हळद लावली. कस्तुरा आईच्या गळ्यात पडली ती सुटेचना.

त्या दिवसापासून सगुणेचं काम मंदावलं. दिवसात पूर्वीच्या निम्मेच हात भरून होत. पण ती गल्लीत शिरली, की बायका हातातलं काम टाकून पुढं येत आणि मनगटाबरोबर मनातलंही तिच्यापुढं ठेवत.

तात्पर्य : दुसऱ्याचा हात धरायचा असेल, तर आधी त्याचं दुखणं मन लावून ऐकावं.