शुभहस्ते हलवलेला काटा

रद्दीत आलेल्या व्याकरणाच्या पुस्तकावरून इंग्रजी शिकलेला आमच्या बाजारात मी एकटाच. म्हणून शेजारचे गूळवाले धोंडाप्पा कोठावळे नगरपालिकेचे पत्र घेऊन माझ्याकडेच आले.

रस्ता मोकळा करताना नगरपालिकेच्या माणसांनी त्यांच्या दुकानापुढचा वजनकाटाच उचलून नेला होता. संक्रांत चार दिवसांवर आलेली, आणि काट्यावाचून गूळ विकायचा कसा? आप्पांनी अर्ज केला, तर मुख्याधिकारी साहेबांनी इंग्रजीत उत्तर धाडले.

"काय म्हणतात?"

"काटा हलवला गेला आहे, म्हणतात."

"अहो, पण कुणी हलवला?"

"आप्पा, साहेबांच्या इंग्रजीत कुणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं. करणाऱ्याचं नाव शेवटी लिहायची सोय आहे, पण साहेब ते गाळतात."

"एवढंच ना? मग आपण लिहू की!"

दुसऱ्या दिवशी काट्याच्या रिकाम्या जागी पाटी लागली, वर झेंडूचा हार: 'येथील वजनकाटा मुख्याधिकारी श्री. पद्माकर रेगुंडवार यांच्या शुभहस्ते हलविण्यात आला.'

पाटी वाचायला बाजार लोटला. साहेब तणतणत आले. "माझं नाव घालायला कुणी सांगितलं तुम्हाला?"

आप्पांनी हात जोडले. "साहेब, बाजारातल्या मुतारीवरसुद्धा आपलं नाव आहे. एवढ्या मोठ्या कामावर कसं राहिलं, म्हणून आम्हीच घातलं."

संध्याकाळी काटा परत आला. सोबतच्या पत्रात काटा परत केल्याचे कळवले होते, आणि या खेपेस साहेबांचे नाव पहिल्याच ओळीत होते.