नदीला सामोरी गेलेली धापू

एकदा काय झालं, दूर वाळवंटात उघड्याबोडक्या डोंगरांमध्ये एक दरी होती. त्या दरीत वर्षातून एकदाच नदी यायची. एरवी नुसती वाळू आणि गोटे. नदी आली की लोक टाकी भरून घ्यायचे, ओल्या वाळूत बाजरी पेरायचे आणि वर्ष काढायचे.

एका वर्षी नदी आलीच नाही. टाकी आटली. बकऱ्यांनी माना टाकल्या. मग लोक गाव सोडायला निघाले, उंटांवर सामान चढलं. तिथं धापू नावाची एक सून होती. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. सासू म्हणाली, "मला इथंच राहू दे गं. वाटेत मरण्यापेक्षा घरात मरेन." धापू उठली आणि कोरड्या पात्रातून वर चालू लागली, नदीला शोधायला.

एक वळण गेलं, नदी नाही. दुसरं वळण गेलं, तिथं सापाची कात पडलेली, पण नदी नाही. तिसऱ्या वळणावर डोंगर इतके जवळ आले, की आभाळाची नुसती चिंधी दिसत होती. तिथं होती एक गुहा. आणि गुहेत, बरं का, नदी निजली होती. हिरवीगार, अफाट. संथ श्वास घेत होती. धापू पुढं झाली. ती म्हणाली, "बाई, गाव वाट बघतंय तुझी."

"कोण बघतंय वाट?" नदी म्हणाली. "मी दिसले की सगळे टेकडीवर पळतात. लेक माहेरी आली, तर दारात कुणी उभं राहतं. माझ्यासाठी कोण आहे?"

"मी राहीन उभी."

"पळशील तू."

"नाही पळणार."

"मग हो पुढं. आलेच मी."

धापू परतली. नदी येतेय म्हणताच निघालेले लोक टेकडीवर चढले, ती मात्र पात्राच्या मधोमध उभी राहिली. टेकडीवरून लोक हाका मारत होते, "धापू, वर ये." आधी ओल्या मातीचा वास आला. मग पायाखालचे गोटे थरथरले. मग वळणावरून पाणी आलं, झाडाहून उंच, फेसाळलेलं, मुळासकट बाभळी घेऊन. धापू जागची हलली नाही. तिनं हात पसरले आणि ती म्हणाली, "ये बाई, ये."

आणि ते सगळं पाणी तिच्यासमोर थांबलं. वारासुद्धा थांबला. मग पाणी हळूच खाली बसलं, तिची पावलं भिजवून दोन्ही अंगांनी पुढं गेलं.

 मग टेकडीवरून एकेक जण खाली उतरला आणि पाण्यात उभा राहिला. सासूला खाटेसकट काठावर आणलं. ती ओंजळ भरभरून पाणी प्यायली.

त्या वर्षी बाजरी डोक्याएवढी वाढली, आणि सगळे सुखानं नांदले. चला, पांघरूण घ्या आता. मिटा डोळे.